केबिन उचलल्याशिवाय हात पोचत नाही

लुइझियानातल्या एका चालकाच्या २००७ सालच्या टोयोटा टुंड्राने २०१६ मध्ये दहा लाख मैल, म्हणजे सोळा लाख किलोमीटर पूर्ण केले. व्ही-८ इंजिन मूळचंच, गिअरबॉक्सही मूळचाच. टोयोटाने ती गाडी अभ्यासासाठी मागून घेतली आणि मालकाला कोरी टुंड्रा दिली. भारतात न विकला जाणारा हा थोराड पिकअप अमेरिकेत टिकाऊपणाचा दाखला म्हणून सांगितला जाऊ लागला, तो अशा गाड्यांमुळे. पुढे नवी टुंड्रा आली तेव्हा गिऱ्हाइकांनी तीही याच भरवशावर घेतली. पण ज्या यंत्राने हा भरवसा कमावला होता, ते नव्या गाडीच्या बोनेटखाली उरलंच नव्हतं.

तिसऱ्या पिढीची टुंड्रा सप्टेंबर २०२१ मध्ये लोकांसमोर आली. आधीचं मॉडेल सुमारे पंधरा वर्षं चाललं होतं, त्यामुळे यावेळी किरकोळ डागडुजी झाली नाही, सगळंच बदललं. चासी नवी. मागचे पाटे गेले, कॉइल स्प्रिंग आल्या. हौदा लोखंडी पत्र्याऐवजी कॉम्पोझिटचा झाला. सहा गिअरच्या ऑटोमॅटिकच्या जागी दहा गिअरचा आला. सर्वांत मोठा बदल इंजिनाचा: ५६६३ सीसीचं साधं व्ही-८ जाऊन दोन टर्बो लावलेलं ३४४५ सीसीचं व्ही-६ बसलं. जुनं ३८१ अश्वशक्ती देई, नवं ३८९ देऊ लागलं. टॉर्क मात्र ५४४ न्यूटन-मीटरवरून ६४९ वर गेला. टू-व्हील ड्राइव्ह गाडीचं मायलेज लिटरला साडेसहा किलोमीटरच्या आसपास होतं, ते साडेआठच्या घरात आलं. इंधनाचे नियम कडक होत असताना जुनं व्ही-८ फार दिवस चालवता आलं नसतं. कागदावर तरी सौदा फायद्याचाच होता.

पहिल्याच वर्षी कुरबुरी सुरू झाल्या. मागच्या अ‍ॅक्सलचे नट सैल होऊन अ‍ॅक्सल शाफ्ट निसटण्याचा धोका दिसला आणि २०२२ मध्ये सुमारे ४६ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. टर्बोमधला वायूचा दाब आवरणारा वेस्टगेट नीट चालत नसल्याच्याही तक्रारी आल्या. नवं मॉडेल म्हटलं की असं काही निघतंच, म्हणून पहिल्या वर्षाची गाडी घेऊ नये असं जुने मिस्त्री सांगतात. मोठा दणका मात्र मे २०२४ मध्ये बसला. २०२२ आणि २०२३ च्या टुंड्रा आणि काही लेक्सस एलएक्स मिळून एक लाखावर गाड्यांच्या इंजिनात मशिनिंगचा कीस राहून गेल्याचं टोयोटाने जाहीर केलं.

हा कीस कुठे घात करतो ते पाहण्यासारखं आहे. क्रँकशाफ्ट मेन बेअरिंगवर फिरतो, पण धातू धातूला टेकत नाही. मध्ये ऑइलचा पातळ पडदा असतो आणि त्यासाठी सोडलेली फट मिलीमीटरच्या काही शतांश भागांइतकी असते. ब्लॉक कारखान्यात कोरून, भोकं पाडून झाल्यावर धुतात. त्या धुण्यात सुटलेला धातूचा कण ऑइलबरोबर वाहत बेअरिंगपाशी जाऊन चिकटला की तेवढ्या जागी पडदा तुटतो. टर्बोमुळे वाढलेला भार त्याच जागी पडत राहतो. आधी ठोक्याचा आवाज येतो, मग इंजिन अडखळतं, आणि शेवटी गाडी हायवेवर चालता चालता बंद पडते. कण ऑइलच्या वाटांमध्ये कुठवर गेलेत हे बाहेरून कळायला मार्ग नाही. म्हणून टोयोटाने इंजिनच बदलून द्यायचं ठरवलं.

हायब्रिड टुंड्रा मात्र या यादीत नव्हती. इंजिन बसलं तरी इलेक्ट्रिक मोटरच्या जोरावर ती थोडी पुढे सरकू शकते, सबब सुरक्षेला तसा धोका नाही, असा युक्तिवाद होता. कायद्याच्या चौकटीत तो बसतोही, कारण रिकॉल सुरक्षेसाठी असतो. गाडी किती वर्षं टिकेल हा प्रश्न त्याच्या कक्षेत येत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये इंजिनातल्या याच किसापायी आणखी सुमारे १ लाख २७ हजार गाड्या बोलावल्या. त्यात २०२४ च्या टुंड्रा होत्या, लेक्सस जीएक्सही होत्या.

बिघाड सापडला तरी तिथवर पोचणं हे निराळंच काम आहे. या इंजिनाचे टर्बो दोन्ही बाजूंना, खाली चासीच्या लगत दाटीवाटीने बसवले आहेत. वरून हात जात नाही, खालून पाना फिरत नाही. म्हणून मोठं काम निघालं की अनेक मिस्त्री सरळ अख्खी केबिनच उचलतात. स्टिअरिंगचा दांडा सोडवायचा, ब्रेकचे पाइप, वायरिंग, कूलंटचे होस मोकळे करायचे, केबिन चासीला धरून ठेवणारे बोल्ट काढायचे आणि ती लिफ्टवर चढवायची. मग इंजिन चहूबाजूंनी उघडं पडतं आणि काम उलट सोपं होतं. पण एवढी उघडझाप झाली की एखादा कनेक्टर अर्धवट बसण्याची, एखादी क्लिप तुटण्याची, पूर्वी नसलेला खडखडाट मागे राहण्याची शक्यताही वाढते.

यात टोयोटा एकटी नाही. फोर्डच्या २००३ च्या सहा लिटर डिझेल इंजिनासाठी केबिन उचलण्याची पद्धत अमेरिकी गॅरेजांत कधीच रुळली होती. व्ही-८ ठेवलं असतं तर सगळं सुरळीत झालं असतं, असंही नाही. जनरल मोटर्सने एप्रिल २०२५ मध्ये ६.२ लिटरच्या व्ही-८ साठी अमेरिकेत सुमारे सहा लाख गाड्या बोलावल्या, आणि दोष तिथेही क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडमध्येच होता. म्हणजे दोष सिलिंडरच्या संख्येवर ढकलता येत नाही. जुन्या मोठ्या इंजिनात ताण कमी आणि मोकळी जागा जास्त, म्हणून कारखान्यातली लहानसहान चूक कधी कधी पचून जाई. छोट्या इंजिनाकडून तेवढंच किंवा जास्त काम घ्यायचं तर धुलाईपासून बेअरिंगपर्यंत प्रत्येक पायरी चोख हवी. ती चुकलीच, तर निस्तरायला गाडीची दोन शकलं करावी लागतात.

म्हणून टिकाऊपणाचा हिशेब भाग किती वेळा मोडतो एवढ्यावर थांबत नाही. मोडल्यावर तो काढायला किती तास लागतात, हेही त्यात धरायला हवं. रिकॉलमधलं इंजिन फुकट मिळतं. इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी पाच वर्षं किंवा ६० हजार मैलांपर्यंत असते. टुंड्रा घेणारा माणूस ती त्याच्या तिप्पट-चौपट चालवायच्या हिशेबाने घेतो. पुढे कधी टर्बो गेला, तर केबिन उचलण्याची मजुरी त्याच्याच खिशातून जाणार. जुन्या व्ही-८ मध्ये टर्बोच नव्हता.