आमचे दुसरे सीमोल्लंघन

दसऱ्याच्या दिवशी गावची शीव ओलांडावी, शमीचे पूजन करावे, सोने लुटावे आणि दिवेलागणीस घरी परतावे, हा आपल्याकडील परिपाठ वाचकांस नव्याने सांगावयास नको. सन २०२४च्या दसऱ्यास आम्हा उभयतांच्या हातून जे सीमोल्लंघन घडले ते मात्र दिवेलागणीस संपणारे नव्हते. १२ ऑक्टोबर रोजी सकाळी मुंबई सोडली आणि त्याच दिवशी थायलंडच्या भूमीवर पाऊल ठेवले. आमची कन्या त्या देशाच्या उत्तरेकडील नान या डोंगरी शहरी असते. जावईबापू तेथे शेतीविषयक संशोधनाच्या कामावर आहेत. कन्येचे दिवस भरत आले होते, म्हणून हा प्रवास.

त्या वर्षीच्या जुलैपासून भारतीय प्रवाशांस व्हिसावाचून ६० दिवस राहण्याची मुभा त्या सरकारने दिली होती. मुदत संपत आली म्हणजे १,९०० बाट भरून आणखी ३० दिवस मागता येत. तेही आम्ही मागून घेतले. नातवाचा जन्म २० नोव्हेंबरचा. परंतु परक्या देशी जन्मलेले मूल म्हणजे केवळ आनंदाचा ठेवा नव्हे, ते एक दफ्तरही असते, हे आम्हांस त्या वेळी कळले. तात्पुरते राहणाऱ्या परदेशीयांचे मूल थायलंडात जन्मले एवढ्याने तेथील नागरिक होत नाही. आपल्या नागरिकत्वाच्या कायद्यानेही, २००४च्या डिसेंबरपासून, परदेशी जन्मलेल्या मुलाची नोंद वर्षाच्या आत आपल्या वकिलातीत करावी लागते, मग पासपोर्ट. तो हाती येईपर्यंत बाळबाळंतिणीस हलता येईना. त्यांना घेऊन परतावे म्हणूनच तर आम्ही थांबलो होतो. आणि आमचे दिवस सरत आले.

यावर तिकडील परदेशीयांत एक रूढ उपाय आहे. त्यास व्हिसा रन असे म्हणतात. जवळच्या शिवेवरून शेजारच्या देशात जायचे, तेथला शिक्का घ्यायचा आणि मागल्या पावली परतून नव्याने मुदत मिळवायची. जावईबापूंनी हे सुचविले तेव्हा आम्ही गप्प राहिलो. चौतीस वर्षे शाळेत घालविली. हजेरी लावून मागल्या दाराने पसार होणारे आणि वर्गाबाहेर काढले असता दुसऱ्या दाराने पुन्हा आत येऊन साळसूदपणे बसणारे विद्यार्थी आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. उतारवयात आपणच तसे करावे काय? कायद्याचा भंग यात नाही हे खरे. पण वर्षानुवर्षे अशा फेऱ्यांवर राहणाऱ्यांची त्या सरकारास चीड आहे, आणि तीही रास्तच म्हटली पाहिजे. २०१६च्या अखेरीस जमिनीच्या वाटेने होणाऱ्या अशा प्रवेशास वर्षाकाठी दोन वेळांची मर्यादा घातली गेली, ती याच कारणाने. शिवाय नाक्यावरील अधिकारी परतीचे तिकीट मागू शकतो, आणि संशय आल्यास नाही म्हणू शकतो. आमच्यापाशी तिकीट नव्हते. बाळाचा पासपोर्ट येण्याआधी ते काढणार कोणत्या तारखेचे? प्रवेश नाकारला गेला असता तर आम्ही लाओसमध्ये आणि लेक, सात आठवड्यांच्या बाळासह, इकडे!

त्यातच आमच्या हातून एक प्रमाद घडला. मुदत १० जानेवारीस संपते असे आम्ही हिशेबाने ठरविले होते. ८ तारखेच्या रात्री जावईबापूंनी सहज पासपोर्ट उघडला व म्हणाले, "बाबा, शिक्क्यावर तर ९ तारीख आहे." आम्ही बोटे मोजून दाखविली. ६० आणि ३० मिळून ९०, म्हणजे १० जानेवारी. तोच पाळण्यापासून आवाज आला, "अहो, बारसे कसे मोजलेत? जन्माचा दिवस धरूनच ना? मग आल्याचा दिवस धरायला नको?" यावर उत्तर नव्हते. एक दिवस अधिक राहिल्यास माणशी ५०० बाट दंड पडला असता, त्याचे एवढे नाही. पण पुढल्या प्रवेशाच्या तोंडाशी तो डाग बरा दिसला नसता.

रात्रीच दशम्या लाटल्या गेल्या. शेजारच्या वृद्ध थाई बाई लेकीच्या सोबतीस आल्या. पहाटे मोटार निघाली. त्या दिवशी पौष शुद्ध दशमी होती, हे वाटेत आमच्या ध्यानी आले. विजयादशमीस निघालो तेव्हापासून तिथीने बरोबर तीन महिने!

नानपासून हुआई कोनचा नाका सुमारे १४० किलोमीटर. रस्ता पुआ आणि थुंग चांग या गावांवरून चढत जातो. दऱ्यांत दाट धुके, हवेत महाबळेश्वरी गारठा. थुंग चांग येथे एक स्मारक आहे. गेल्या शतकाच्या सातव्या दशकापासून पुढे वीसेक वर्षे या डोंगरांत सरकार आणि साम्यवादी बंडखोर यांच्यात झगडा चालला, त्यात कामी आलेल्यांचे. लाओसमध्ये १९७५च्या डिसेंबरात राज्य पालटले तेव्हा हजारो निर्वासित याच बाजूस उतरले व नान प्रांतातील छावण्यांत राहिले. आज त्या रस्त्यास मक्याचे ट्रक आणि शाळेची पोरे यांखेरीज फारसे कोणी दिसत नाही.

ही शीव तरी कितीशी जुनी! १९०४च्या तहाने सयाम व फ्रेंच यांनी ती पाणलोटाच्या रेषेवर धरली: अलीकडचे पाणी नान नदीतून दक्षिणेस चाओ फ्रायाला, पलीकडचे मेकाँगला. नानच्या अधिपतींचा बराचसा मुलूख त्या वेळी पलीकडे गेला. १९४१ मध्ये तो थायलंडने परत घेतला, १९४६ मध्ये पुन्हा सोडला. लू लोक मात्र दोहीकडे तेच, त्यांची बोली आणि विणकाम तेच. त्या देशांत मंदिराच्या गाभ्याभोवती सीमेचे दगड पुरतात, त्यांना 'सेमा' म्हणतात. आपलाच सीमा शब्द तो. दगडाची सीमा जागची हलत नाही. नकाशावरील सीमा चार दशकांत तीनदा हलली.

नाक्यावर एक छपरी, दोन खिडक्या आणि उन्हात पहुडलेले कुत्रे. रांग नाहीच. थाई शिक्का घेऊन पलीकडे गेलो. तेथे गाड्या रस्त्याच्या उजव्या अंगाने चालतात. तेवढा फ्रेंच अंमल अजून शिल्लक आहे. लाओ खिडकीपाशी एकेक छायाचित्र आणि डॉलरच्या नोटा दिल्या, पासपोर्टाचे एक अख्खे पान व्हिसाच्या कागदाने भरले. म्युआंग न्गून गावी एका झाडाखाली दशम्या खाल्ल्या. जवळच्याच होंगसा येथे कोळशाचे मोठे वीजघर आहे, २०१५ पासून चालू झालेले. त्याची बहुतेक वीज थायलंड घेते. ती रोज शीव ओलांडते आणि तिला शिक्का लागत नाही, असे जावईबापू म्हणाले. सौभाग्यवतींचे चित्त तिथे नव्हते. दर पाच मिनिटांनी "बाळ उठले असेल" एवढेच त्या म्हणत.

परतताना थाई खिडकीत एक तरुण अधिकारीणबाई होत्या. त्यांनी पाने उलटली व इंग्रजीत विचारले, आजच गेलात, आजच का येता? तिकीट कोठे आहे? आदल्या रात्री आम्ही मनाशी एक ठरविले होते की, सहलीची सबब सांगायची नाही. तिकीट नाही, असे आम्ही सांगितले. नातू झाला आहे, त्याचा पासपोर्ट यावयाचा आहे, तो आला की सर्व मिळून घरी जाऊ. दूतावासाची पावती आणि बाळाच्या जन्माचा थाई दाखला पुढे केला. दाखला हाती घेताच त्या म्हणाल्या, "सुतिबात." आम्ही चमकलो. सूतिपत्र! खिडकीपलीकडील त्या परक्या मुलीच्या तोंडी पाणिनीच्या घरचा शब्द, थोडा झिजलेला, पण ओळखू येणारा.

मग त्यांनी आमच्याकडे बोट करून विचारले, "ता?" आणि सौभाग्यवतींकडे पाहून, "याय?" जावईबापूंनी उलगडा केला की, थाई भाषेत आईच्या आईबापांस निराळी नावे आहेत, बापाच्या आईबापांस निराळी. मातामह आणि पितामह हा भेद आपण मराठीत केव्हाच टाकून दिला. त्यांनी तो राखला आहे. आम्ही मान डोलावली. बाई कागद घेऊन आत गेल्या. पाच मिनिटे लागली असतील. सौभाग्यवतींनी आमची बाही घट्ट धरली होती, हे त्या बाहेर आल्यावर कळले. शिक्का बसला.

तिन्हीसांजेस नानला पोहोचलो. बाळ नुकतेच दूध पिऊन निजले होते. हातपाय धुऊन पाळण्यापाशी बसलो तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, "आता आजचा दिवस धरून मोजा." बोटांच्या पेरांवर मोजले, ९ मार्च आला. पासपोर्ट उघडून पाहिला. शिक्क्यावरही ९ मार्चच होता.

नातवाचा पासपोर्ट फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आला.