फोटो रोजच्या बोईसर-तारापूरचे

पालघरकडे कॅमेरा घेऊन निघालेली मंडळी बहुधा केळव्याचा सूर्यास्त टिपून परततात. सूर्यास्त देखणा असतोच, पण तो केळव्याचा की अलिबागचा, हे फोटो पाहून ओळखता येत नाही. या पट्ट्याची खरी ओळख माणसांच्या रोजच्या कामात आहे, आणि ती टिपायला सकाळी लवकर यावे लागते.

त्यासाठी आधी सातपाटी गाठावे. पालघर स्टेशनवरून एसटी किंवा रिक्षा मिळते. पावसाळा सरला, बोटी पुन्हा नियमित समुद्रात जाऊ लागल्या, की किनाऱ्यावर बांबू रोवून, आडव्या दोऱ्या ताणून बोंबील वाळत घालतात. जवळ जाऊन पाहा. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवलेले असतात आणि ती जोडी दोरीवर दोन्ही बाजूंनी लोंबते. ताजा बोंबील इतका पारदर्शक असतो, की कोवळे ऊन मागून आले तर आतला काटा दिसतो. ऊन चढले, मासा सुकू लागला की ही गंमत संपते. शेजारीच जाळी विणणारे हात, बर्फाच्या पेट्या, पापलेटची प्रतवारी. २०२३ साली पापलेटला राज्यमाशाचा दर्जा मिळाला, त्यात सातपाटीच्या मच्छीमारांच्या पाठपुराव्याचा मोठा वाटा होता. बोटींचे येणे-जाणे खाडीतल्या भरतीवर चालते, तेव्हा निघण्यापूर्वी भरती-ओहोटीची वेळ पाहून ठेवावी. जून-जुलैत मासेमारी बंद असते. तेव्हा शाकारून ठेवलेल्या होड्या आणि डागडुजीची कामे दिसतात.

बोईसरचे रूप अगदी निराळे. २०१३ मध्ये लोकल डहाणू रोडपर्यंत आली आणि स्टेशनाची गर्दी वाढली. पश्चिमेला तारापूर एमआयडीसी : रसायने, औषधे, कापड, पोलाद. पाळी सुटते तेव्हा सायकली, रिक्षा, डबे आणि उत्तर प्रदेश-बिहार-ओडिशातून आलेल्या कामगारांची गर्दी एकाच रस्त्यावर उतरते. त्याच रस्त्याच्या कडेला एखादी वारली बाई ताडगोळे सोलत बसलेली असते. कारखाना आणि पाडा असे एका चौकटीत आणणारी जागा महाराष्ट्रात शोधूनच काढावी लागेल.

पुढे चिंचणीचा किनारा आणि तारापूरचा किल्ला. पोर्तुगीजांकडून हा किल्ला १७३९ साली चिमाजी आप्पांच्या फौजेने घेतला. त्या लढाईत मराठ्यांचे सरदार बाजी भिवराव रेठरेकर पडले. किल्ला खासगी मालकीचा आहे, त्यामुळे परवानगी घेऊनच आत जावे. मला स्वतःला तटापेक्षा गावातल्या जुन्या घरांचे ओटे आणि लाकडी खांब अधिक बोलके वाटतात.

एक पथ्य काटेकोर पाळायचे. १९६९ पासून वीज देणारे तारापूरचे अणुकेंद्र याच किनाऱ्यावर आहे. तो परिसर प्रतिबंधित आहे. त्या दिशेला कॅमेरा धरू नये आणि ड्रोन तर आणूच नये. माणसांचे फोटो काढतानाही आधी विचारावे. "ताई, फोटो काढू का?" एवढे पुरते. नकार मिळाला तर कॅमेरा खाली घ्यावा. खाऱ्या वाऱ्याने लेन्सवर थर बसतो, म्हणून मऊ फडके जवळ असू द्यावे.

हे काम आत्ताच करायला हवे, कारण इथले रोजचे जगणे झपाट्याने बदलते आहे. अणुकेंद्राच्या विस्तारात अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. बुलेट ट्रेनचे एक स्थानक बोईसरला होते आहे. वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली, आणि मच्छीमारांचा त्याला असलेला विरोध सर्वांना ठाऊक आहे. बंदराच्या बाजूचे असा किंवा विरोधातले, आजचा किनारा कसा होता हे उद्या दाखवायला फोटोच लागतील, आणि ते व्यावसायिकांपेक्षा गावातल्या पोरापोरींच्या मोबाइलमध्ये असण्याची शक्यता जास्त.

म्हणून स्थानिकांना एक विनंती. आपला ओटा, आपली विहीर, आपला मासळीबाजार यांचे फोटो काढा आणि प्रत्येकासोबत तारीख, गाव आणि माणसांची नावे त्यांना विचारून लिहून ठेवा. अक्करपट्टी-पोफरणच्या जुन्या घरांचे फोटो कुणाच्या कपाटात असतील, तर त्यांच्या प्रती आजच करून घ्या.