मजूर बाईची तक्रार आणि तालुक्याचा अधिकारी

त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हरसूल परिसरातून शेतीच्या हंगामात आदिवासी मजूर गिरणारे, दिंडोरीकडील द्राक्षबागांत कामाला जातात. बागेतली अचकट-विचकट शेरेबाजी, नको असलेला स्पर्श, मोबाइलवर अश्लील चित्र दाखवणे, मजुरीच्या बदल्यात शरीरसुखाची मागणी हे सारे कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखणाऱ्या २०१३च्या कायद्यानुसार लैंगिक छळात मोडते. मालकाने पाठवलेली पिकअपसुद्धा कामाची जागाच ठरते.

दहा किंवा अधिक कामगार असतील तर मालकाला अशा तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमावी लागते. चार-सहा मजुरांच्या बागेत ती नसते. कधी छळणारा खुद्द मालकच असतो. अशी तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. त्यासाठी मजुरी बुडवून नाशिक गाठायची गरज नाही. ग्रामीण आणि आदिवासी भागात प्रत्येक तालुक्याला समन्वय अधिकारी नेमायचा असून त्याने आलेली तक्रार सात दिवसांत समितीकडे पाठवायची असते. कायद्यातली ही सर्वांत उपयोगी तरतूद, आणि नेमकी तीच मजुरांना कोणी सांगत नाही.

तक्रारीची मुदत घटनेपासून तीन महिन्यांची. सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने मिळतात. लिहिता येत नसेल तर तक्रार लिहून देण्यास मदत करणे समितीवर बंधनकारक आहे. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. पोलिसांत फिर्याद देण्याचा मार्गही खुला राहतो.

छळ झालेली मुलगी किंवा मुलगा अठराच्या आतला असेल तर मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२चा पॉक्सो कायदा लागू होतो. तिथे घटना कळलेल्या कुणालाही, मग तो मुकादम असो वा शिक्षक, पोलिसांना कळवणे टाळता येत नाही. मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१ हे मदतीचे क्रमांक आहेत.