सर्व्हेत १८ टक्के मराठी निघाले, म्हणून १५ ची अट पूर्ण झाली का?

गुंजी : सीमाभागात '१५ टक्के' हा आकडा शाळकरी पोरालाही माहीत असतो. केंद्र सरकारने १९५६ साली भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी निवेदन काढलं. एखाद्या तालुक्यात किंवा पालिका क्षेत्रात अल्पसंख्याक भाषिक १५ टक्क्यांच्या घरात असतील, तर सरकारी सूचना, मतदार याद्या, रेशन कार्ड यांसारखी कागदपत्रं त्यांच्या भाषेतही मिळावीत, असा त्याचा आशय. कन्नडसोबत मराठीतूनही कागदपत्रं द्या, ही मागणी याच आधारावर होते.

गुंजी ज्या खानापूर तालुक्यात येतं, तिथे हा प्रश्न नाही. मराठी भाषिक १५ च्या कितीतरी वर आहेत. अडचण काठावरच्या भागांची. जनगणनेत प्रत्येकाची मातृभाषा नोंदवली जाते, त्यामुळे तिथे अंदाजाचा प्रश्न येत नाही. पण २०११ नंतर जनगणनाच झाली नाही, म्हणून मधल्या काळात कोणी सर्व्हे करतं आणि आकडा व्हॉट्सॲपवर फिरू लागतो. त्या आकड्यावर विश्वास ठेवायचा कसा? पीयूसी दुसऱ्या वर्षाच्या संख्याशास्त्रात 'प्रमाणाची परिकल्पना चाचणी' शिकवतात, ती इथे कामाला येते.

समजा, काठावरच्या एका तालुक्यात १०० जणांना विचारलं आणि १८ जणांनी मराठी सांगितलं. म्हणजे १८ टक्के. जिंकलो? थांबा.

चाचणी कोर्टासारखी चालते. गुन्हा सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष, तसं इथे आधी धरून चालायचं की खरं प्रमाण १५ टक्केच आहे, जास्त नाही. ही शून्य परिकल्पना. मग विचारायचं : खरं प्रमाण १५ च असेल, तर निव्वळ योगायोगाने १८ किंवा जास्त निघण्याची शक्यता किती?

त्यासाठी आधी प्रमाण त्रुटी काढायची. ०.१५ ला ०.८५ ने गुणायचं, माणसांच्या संख्येने भागायचं आणि वर्गमूळ घ्यायचं. १०० जणांसाठी उत्तर येतं ०.०३५७, म्हणजे साडेतीन टक्क्यांचा डोलारा. आपला फरक तीनच टक्क्यांचा. ०.०३ भागिले ०.०३५७ केलं की झेड येतो ०.८४. असा निकाल चार-पाच सर्व्हेंत एकदा सहज निघतो. पाच टक्के सार्थकता पातळीला झेड १.६४५ च्या वर जावा लागतो. इथे पुरावा कमी पडला.

आता तेच ९०० जणांना विचारलं आणि १६२ जणांनी मराठी सांगितलं. टक्के तेच, १८. पण प्रमाण त्रुटी ०.०११९ वर उतरते आणि झेड २.५२ होतो. खरं प्रमाण १५ असताना असं शंभरात एकदाही घडणं कठीण. आता १५ च्या वर असल्याचा दावा टिकतो.

म्हणून सर्व्हेचा आकडा आला की पहिला प्रश्न : किती जणांना विचारलं? माणसं चौपट केली तर त्रुटी निम्मी होते, हा हिशेब लक्षात ठेवावा.

दुसरा प्रश्न त्याहून मोठा : कुणाला विचारलं? खानापूर तालुक्याचंच घ्या. गुंजी, जांबोटी, कणकुंबीत विचारलं तर जवळपास सगळेच मराठी सांगतील. बिडी, इटगी, पारिश्वाडकडे गेलं तर कन्नड जास्त भेटेल. गुंजीच्या माउली मंदिरासमोर उभं राहून पाच हजार जणांना विचारलं, तरी त्यातून अख्ख्या तालुक्याचं प्रमाण कळणार नाही. तालुक्यातल्या प्रत्येकाला निवडलं जाण्याची सारखी संधी हवी. म्हणजे पूर्ण यादीतून चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड. हे चुकलं तर सूत्र कितीही बरोबर वापरा, उत्तर चुकीचंच येणार.

एक गोष्ट मात्र विरोधी बाजूनेही ध्यानात घ्यावी. १०० जणांच्या सर्व्हेत पुरावा कमी पडला, याचा अर्थ 'मराठी भाषिक १५ टक्क्यांपेक्षा कमी आहेत' असा होत नाही. कोर्टातून पुराव्याअभावी सुटलेला माणूस निष्पापच होता, असं कुठे सिद्ध होतं? त्या सर्व्हेवरून एवढंच म्हणता येतं की, अजून माणसांना विचारा.