‘क्लच घट्ट करणे’ : एका शब्दप्रयोगाची यांत्रिक मीमांसा

एकच शब्दप्रयोग भिन्न रचनेच्या यंत्रांना सरसकट लावला गेला म्हणजे तो कोठे अर्थवाहक ठरतो आणि कोठे दिशाभूल करतो, हे पाहणे परिभाषेच्या अभ्यासकाला उद्बोधक आहे. जुन्या ट्रॅक्टरचा पीटीओ घसरू लागला असता ‘क्लच घट्ट करा’ असे जे सांगितले जाते, ते याचे एक बोलके उदाहरण होय. एका जातीच्या क्लचाच्या बाबतीत हे सांगणे यथार्थ आहे. दुसऱ्या जातीत त्याचे शब्दशः पालन केल्यास मूळ दोष बळावतो.

इंजिनाची शक्ती मागील बाजूच्या फिरत्या दंडातून मळणीयंत्रास किंवा पंपास पुरविण्याची योजना म्हणजे पीटीओ. त्याच्या सर्वपरिचित प्रकारात दंडावर सहा खाचा असतात, व्यास सुमारे 35 मिलिमीटर असतो आणि तो मिनिटास 540 फेरे घेतो. इंजिन व हा दंड यांना जोडणारा क्लच केवळ घर्षणावर चालतो. तो किती पीळ पेलू शकेल हे चार गोष्टींवर अवलंबून असते : घर्षणगुणक, प्लेटांवरील दाब, घर्षणपृष्ठाची सरासरी त्रिज्या आणि अशा पृष्ठांची संख्या. भाराचा पीळ या मर्यादेपलीकडे गेला की क्लच घसरतो. त्रिज्या व संख्या रचनेनेच ठरलेल्या असल्यामुळे बिघाड दाबात किंवा घर्षणात शोधावा लागतो.

तत्पूर्वी क्लच खरोखरीच घसरतो आहे काय, याची खात्री करून घेणे अगत्याचे आहे. भार येताच इंजिन व दंड या दोहोंचीही गती मंदावत असेल, तर दोष इंजिनात किंवा अतिरिक्त भारात आहे. इंजिनाची गती कायम राहून दंडच मागे पडत असेल व जळका वास येत असेल, तरच क्लच घसरतो असे म्हणावे.

पायाने चालणाऱ्या क्लचात दाब स्प्रिंगांकडून येतो. पेडल दाबले असता रिलीझ बेअरिंग पुढे सरकून फिंगरांवर टेकते व प्रेशर प्लेट मागे ओढली जाते. पेडल सोडलेले असताना बेअरिंग व फिंगर यांत थोडे अंतर राहणे आवश्यक असते. पेडलाची ‘मोकळी चाल’ ती हीच. लाइनिंग झिजते तसतशी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते, फिंगरांची आतील टोके बेअरिंगकडे येतात आणि हे अंतर नाहीसे होते. मग स्प्रिंगांचा काही दाब प्लेटेऐवजी बेअरिंगच पेलू लागते आणि क्लच घसरतो. येथे उपाय म्हणजे पेडलाची जोडणी सैल करून मोकळी चाल त्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाइतकी पूर्ववत करणे. ‘घट्ट करा’ हे ऐकून जोडणी अधिक ताणली, तर उरलेसुरले अंतरही जाईल. उलट चाल वाजवीपेक्षा अधिक ठेवल्यास क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर खरखरतात.

हाताच्या दांड्याने चालणाऱ्या, मध्यबिंदू ओलांडून अडकणाऱ्या क्लचाची गोष्ट निराळी. जॉन डीअरच्या अनेक जुन्या दोन सिलिंडरी ट्रॅक्टरांचा मुख्य क्लच याच जातीचा असून काही ट्रॅक्टरांच्या पीटीओलाही हेच तत्त्व लावलेले आढळते. येथे दांडा खटकन् अडकण्यास जो जोर लागतो, तोच प्लेटांवरील दाबाचा निदर्शक असतो. झीज झाली की दांडा अलगद पडतो. अशा वेळी समायोजनाचे नट सारख्याच प्रमाणात थोडेथोडे आवळून तो खटका परत आणावयाचा असतो. या क्लचाला ‘घट्ट करणे’ हा प्रयोग अक्षरशः लागू पडतो.

दुहेरी क्लचामुळे आणखी एक भेद उद्भवतो. मॅसी फर्ग्युसन 35 व 135 यांच्या काही प्रकारांत पेडल अर्धे दाबले असता चाकांकडील शक्ती तुटते आणि पूर्ण दाबले असता पीटीओही थांबतो. चाल व पीटीओ दोन्ही घसरत असतील, तर प्रथम मोकळी चाल तपासावी. पीटीओच तेवढा घसरत असेल, तर त्याची प्लेट, तिच्यावरील दाब किंवा आतील समायोजक स्क्रू यांकडे संशय वळतो. बाहेरील पेडलाशी खटपट करून भागत नाही. लाइनिंगला तेल लागले असेल, स्प्रिंगा निर्बल झाल्या असतील किंवा लाइनिंग संपले असेल, तर कोणतेही समायोजन निष्फळ होय. तपासणीपूर्वी इंजिन बंद करून चावी काढून घ्यावी. फिरत्या दंडात कपडा अडकल्यास माणूस क्षणार्धात ओढला जातो.

‘घट्ट करणे’ या क्रियापदाचे कर्म येथे वरकरणी ‘क्लच’ हे दिसते. परंतु हात ज्यावर चालतो ती वस्तू कधी नट असते, तर कधी पेडलाची जोडणी. क्लचाची पकड घट्ट व्हावी हा हेतू दोन्हीकडे एकच. कृती मात्र एकीकडे आवळण्याची, तर दुसरीकडे सैल करण्याची. प्रयोग फलाचे नाव घेतो आणि कृतीविषयी मौन पाळतो. यास्तव तांत्रिक शिक्षणाच्या मराठी पाठ्यपुस्तकांत ‘क्लच घट्ट करा’ याऐवजी ‘मोकळी चाल पूर्ववत करा’ आणि ‘खटक्याचा जोर वाढवा’ अशी दोन पृथक् वाक्ये योजणे इष्ट ठरेल. परिभाषेतील एवढ्या काटेकोरपणाने एखादी प्लेट जळण्यापासून वाचू शकते.