शेवट गोड करण्याची गोष्ट

१९५२ साली अमेरिकेत 'स्प्रिंग फायर' नावाची एक स्वस्तातली पॉकेट बुक कादंबरी आली. कॉलेजात शिकणाऱ्या, एकाच छपराखाली राहणाऱ्या दोन मुली एकमेकींच्या प्रेमात पडतात, अशी ती गोष्ट. मॅरिजेन मीकर या तरुण लेखिकेने ती विन पॅकर या टोपणनावाने लिहिली. संपादकाने तिला बजावलं होतं की या मुलींचं भलं झालेलं दाखवायचं नाही, नाहीतर पोस्टखातं पुस्तकं अश्लील ठरवून जप्त करेल. म्हणून शेवटी एकीची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात होते आणि दुसरी म्हणते, आपलं तिच्यावर कधी प्रेम नव्हतंच. पुस्तकाच्या लाखो प्रती खपल्या. आपण वाचतोय तो शेवट लेखिकेचा नाही, पोस्टाच्या धाकाचा आहे, हे त्या लाखोंपैकी कुणाला ठाऊक असणार?

पुढे धाक ओसरला, पण शेवटाचं वळण काही सुटेना. जॉन डोनोव्हन यांची १९६९ सालची कादंबरी ही कुमारांसाठीच्या अमेरिकी साहित्यात समलिंगी ओढीबद्दल बोलणारी पहिली कादंबरी मानली जाते. तेरा वर्षांचा डेव्ही आपल्या मित्राचं चुंबन घेतो. काही दिवसांत त्याचा लाडका कुत्रा, फ्रेड, गाडीखाली सापडून मरतो. डेव्हीच्या मनात बसतं की ही त्या चुंबनाचीच शिक्षा. कुणी त्याला तसं सांगितलेलं नसतं. तरी आपल्या प्रेमाचा हिशेब कुणीतरी चुकता करतंय, हे त्या पोराला आपसूक पटतं.

या वयात शेवटाला एवढं वजन का येतं? जात, धर्म, भाषा, सणवार हे सारं मुलाला घरातून मिळतं. आजी असते, काका असतो, त्यांच्याकडे बघून आपण पुढे कसे होणार हे कळतं. समलिंगी मूल मात्र बहुधा अशा घरात जन्मतं जिथे त्याच्यासारखं दुसरं कुणी नसतं, किंवा असलं तरी कुणी तसं सांगितलेलं नसतं. मोठेपणी आपलं काय होणार, हे त्याने कुणाला विचारायचं? मग ते पुस्तकाला विचारतं. पुस्तकाने 'मरण' म्हटलं, तर त्याला तेच उत्तर मिळतं.

नॅन्सी गार्डन या मुलीने असंच विचारलं होतं. शाळकरी वयात तिच्या हाती रॅडक्लिफ हॉल यांची 'द वेल ऑफ लोनलीनेस' पडली. १९२८ साली लंडनच्या न्यायालयाने अश्लील ठरवून नष्ट करायला लावलेली ही कादंबरी. शेवट दुःखाचाच. पण ती वाचून नॅन्सीने ठरवलं, आपल्या माणसांची एक गोष्ट आपण लिहायची, आणि तिचा शेवट गोड करायचा.

ती गोष्ट १९८२ साली छापून आली: 'ॲनी ऑन माय माइंड'. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये सतरा वर्षांच्या लिझाला गाण्याचा आवाज ऐकू येतो. गाणारी मुलगी म्हणजे ॲनी. त्यांचं प्रेम उघडकीला येतं, शाळेत चौकशी बसते, दोन शिक्षिकांच्या नोकऱ्या जातात. लेखिकेने यातलं काहीच सौम्य केलेलं नाही. तरीही शेवटी लिझा फोन उचलते आणि ॲनीला आपलं प्रेम पुन्हा सांगते. दोघी जिवंत, दोघी शहाण्या, दोघींना भेटायची ओढ. तोवर हा एक साधा फोन कुमारवयीन वाचकांना जवळजवळ कुणीच दाखवला नव्हता!

१९९३ साली कॅन्सस सिटीत शाळांच्या कार्यालयासमोर हे पुस्तक जाळलं गेलं. जवळच्या ओलेथा गावच्या शाळांनी ते ग्रंथालयातून काढून टाकलं. तेव्हा विद्यार्थी आणि पालकच कोर्टात गेले. १९९५ साली न्यायाधीश थॉमस व्हॅन बेबर यांनी निकाल दिला: विचार पटत नाहीत एवढ्यासाठी शाळेला पुस्तक काढता येणार नाही. पुस्तक कपाटात परत आलं. खुद्द गार्डन यांनी २००४ साली आपल्या जोडीदारणीशी कायदेशीर लग्न केलं.

आता मराठीकडे बघा. 'ॲनी'च्या आदल्याच वर्षी, १९८१ साली, विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' हे नाटक रंगभूमीवर आलं. कॉलेजातल्या मित्रा नावाच्या तरुणीचं एका मुलीवर प्रेम बसतं, हे मराठी प्रेक्षकांसमोर ठेवायला केवढं धाडस लागलं असेल! पण मित्रा आत्महत्या करते. पुढे २००६ साली सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी आली. तनय आणि अनुजा ही भावंडं घरी राहायला आलेल्या एकाच तरुणाच्या प्रेमात पडतात. तो दोघांनाही सोडून जातो, दोघंही कोलमडतात, पण दोघंही जगतात. मित्रापासून तनयपर्यंत आपण पंचवीस वर्षांत एवढी मजल मारली आहे.

इंग्रजीत तर आज ॲलिस ओसमन यांच्या 'हार्टस्टॉपर' या चित्रकादंबरीतली शाळकरी मुलं, चार्ली आणि निक, हातात हात घेतात तेव्हा भोवती चिमुकली पानं तरंगताना दिसतात. चित्रकर्तीने त्यांना शिक्षेऐवजी पानं दिली, आणि जगभरच्या मुलांनी ती गोष्ट डोक्यावर घेतली.

आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे प्रेम गुन्हा नाही. कायद्याला एवढंच सांगता येतं. त्या प्रेमाचं पुढे काय करायचं, भांडण कसं मिटवायचं, आईला कधी सांगायचं, दोघांनी मिळून म्हातारं कसं व्हायचं, हे सांगायला गोष्टच लागते. ती आपल्या मुलांना आपल्या भाषेत, शाळेच्या कपाटातून, आपल्या नावावर लिहून घेऊन घरी नेता आली पाहिजे.