शिवेवरचा आणि सरहद्दीवरचा पूर्वज : जुन्या कागदांतून शोध

'आमचा एक पूर्वज पलटणीत होता' ही गोष्ट ज्या घरात सांगितली जात नाही असे घर आपल्या समाजात विरळाच. त्यातून आपण शिक्रापूरच्या पट्ट्यातले. कोरेगावचा विजयस्तंभ सायकलने जाऊन यावे इतक्या अंतरावर. त्यामुळे प्रत्येक भावकीत ही गोष्ट आहे, आणि बहुतेक ठिकाणी ती 'त्याचे नाव खांबावर आहे' इथपर्यंत जाऊन थांबते. सांगणारी माणसे आता राहिली नाहीत. ऐकणारी मुले पदवीधर झाली आहेत आणि ती रास्तपणे विचारतात, पुरावा काय ? स्मरणिकेच्या निमित्ताने, असा पुरावा कोठे आणि कसा शोधावा, तसेच कोणत्या कागदावर किती विश्वास ठेवावा, हे आम्ही येथे मांडत आहोत.

आपल्या पूर्वजाला दोन सरहद्दी होत्या. पहिली गावची शीव. वेशीवर राखण, शिवेवर नजर, सरकारी सारा तालुक्याला पोचवणे, सांगावे नेणे ही कामे वतनदार महाराकडे असत. दोन गावांत शिवेवरून तंटा उभा राहिला की शीव कोठून जाते हे सांगण्याचा मान त्याचा असे. ज्याची सावली गावाला चालत नव्हती, त्याचा शब्द गावच्या जमिनीची हद्द ठरवण्यास मात्र चालत होता ! दुसरी सरहद्द म्हणजे पलटण. कंपनी सरकारच्या मुंबई लष्करात आपले लोक मोठ्या संख्येने गेले आणि गाव कधी न पाहिलेल्या मुलखांत लढले. शोध घेताना या दोन्ही वाटा धराव्या लागतात. एकाच घरातला एक भाऊ वतनाच्या पाळीवर आणि दुसरा पलटणीत, असेही घडत होते.

आधी स्तंभाविषयी, कारण सर्वांचे मन तेथेच अडकलेले असते. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी शिरूरच्या छावणीतून पुण्याच्या मदतीस निघाली. त्या वाटेवर आज आपले शिक्रापूर येते. सकाळी कोरेगावाशी भीमेच्या पलीकडे पेशव्यांची फौज दिसली आणि १ जानेवारी १८१८ रोजी दिवसभर लढाई झाली. तुकडीत मुंबईच्या पहिल्या रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनचे सुमारे पाचशे शिपाई, काही घोडेस्वार आणि मद्रासचे गोरे तोफखानेवाले असे आठशेच्या आसपास लोक होते. १८२१ साली स्तंभाचे काम सुरू झाले. त्यावर कंपनीच्या बाजूने पडलेल्यांची ४९ नावे आहेत आणि त्यातली २२ 'नाक' या शेवटाची, म्हणजे आपल्या लोकांची. १ जानेवारी १९२७ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथे आले, त्यानंतर या दगडाला आपल्या जीवनात जे स्थान मिळाले ते सर्वांना ठाऊक आहे.

पण दगड काय सांगतो आणि काय सांगत नाही हे नीट पाहिले पाहिजे. त्यावर नाव आहे, बापाचे नाव आहे, काहींचा हुद्दा आहे. गाव नाही. आडनाव तर नाहीच. मुंबई लष्करातले महार शिपाई कोकणातून, साताऱ्याकडून, देशावरून असे सगळीकडून येत. तेव्हा स्तंभावरचे एखादे नाव आपल्या खापरपणजोबांच्या नावाशी जुळले म्हणून तो आपलाच, असे म्हणता येत नाही. रामनाक, बाळनाक ही नावे त्या काळी गावोगाव होती. उलट बाजूही तितकीच खरी आहे. स्तंभावर नावे पडलेल्यांची आहेत. जे लढून जिवंत परत आले त्यांची नावे तेथे असणारच नाहीत. म्हणून 'खांबावर नाव नाही, म्हणजे गोष्ट खोटी' असे कोणी हिणवले तर तेही चूकच.

लष्करी कागदांचा मार्ग कठीण आहे. मुंबई लष्कराचे बरेच दप्तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे, आणि त्यात गोऱ्या अधिकाऱ्यांच्या नावांच्या सूची जितक्या सहज सापडतात तितक्या देशी शिपायांच्या सापडत नाहीत. पलटण माहीत असेल तरच काही उपयोग. कोरेगावची पलटण पुढे ग्रेनेडियर्स या नावाने ओळखली गेली, हे शोधणाऱ्याने ध्यानात ठेवावे. त्यापेक्षा घरातली जुनी पेटी आधी उघडावी. एखादे मेडल असेल तर त्याच्या चित्राकडे न पाहता कडेकडे पाहावे. पहिल्या महायुद्धाच्या मेडलांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. १९१७ साली '१११ महार्स' ही पलटण उभारली गेली होती, तेव्हा अशी मेडले आपल्या घरांत असणे अशक्य नाही. चांदीची म्हणून दुष्काळात किती मोडली गेली असतील, त्याचा हिशेब नाही.

आता खरी वाट, म्हणजे जमिनीची. शोध नेहमी स्वतःपासून मागे न्यावा. पूर्वजापासून पुढे यायला गेले की मन आपल्याला हवी ती फांदी धरते. पहिला कागद शाळेचा. आजोबा ज्या शाळेत गेले तेथील जनरल रजिस्टरचा उतारा मागावा. त्यात नाव, जात, जन्मतारीख, जन्मगाव मिळते. या रजिस्टरची ताकद केवढी, ते बाबासाहेबांच्या उदाहरणावरून कळावे. घराण्याचे आडनाव सकपाळ, मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे, जन्म महूच्या छावणीत, आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत नोंद 'भिवा रामजी आंबेडकर'. सकपाळ एवढेच आडनाव धरून कोणी सातारच्या रजिस्टरात शोधू लागला असता, तर त्याला हा मुलगा सापडलाच नसता. आडनावे ही आपल्याकडे अलीकडची गोष्ट आहे, ती धरून फार मागे जाता येत नाही. जमिनीचा नंबर मात्र माणसापेक्षा जास्त दिवस टिकतो.

म्हणून आजचा सातबारा घ्यावा. त्यावर फेरफारांचे नंबर असतात. प्रत्येक नंबराचा उतारा, म्हणजे गाव नमुना सहा, तलाठी कार्यालयातून किंवा शिरूरच्या तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून नक्कल अर्ज देऊन घ्यावा. महसूल खात्याने पुष्कळसे जुने अभिलेख स्कॅन करून संगणकावरही उपलब्ध केले आहेत. यात वारसाच्या नोंदी हे खरे धन. 'अमुक मयत, त्याचे वारस मुलगे अमुक, विधवा अमुक' या एका ओळीत एक पिढी उलगडते. घरातल्या बायकांची नावे इतरत्र कोठेही नसतात, ती येथे भेटतात.

मध्येच एक अडथळा येतो, त्याची कल्पना हवी. आपल्या भागात एकत्रीकरण योजना झाली आणि सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. जुन्या नंबराचा नवा गट कोणता, हे भूमी अभिलेख कार्यालयातील एकत्रीकरणाच्या जबाबावरून कळते. तो कागद न घेता मागे गेल्यास माणूस दुसऱ्याच्या शेतात जाऊन पोचतो. त्यामागे क.ड.ई. पत्रक, त्यामागे पहिल्या मोजणीचे कागद. इंग्रजी अमलातल्या मोजणीची ही पद्धत १८३५ च्या सुमारास आपल्याच पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यात सुरू झाली. आपल्या लोकांनी 'इनाम वर्ग ६ ब' किंवा 'महार वतन' हे शब्द विशेष करून शोधावेत. जन्ममृत्यूसाठी गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, तेही पाहावे. त्यात जात लिहिलेली असते.

या कागदांची भाषा थोडी शिकून घ्यावी लागते. 'बिन' किंवा 'वलद' म्हणजे अमक्याचा मुलगा. 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. तेथे थोरल्याचेच नाव लागते आणि धाकट्यांच्या फांद्या कागदावर दिसत नाहीत. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता. हे अक्षर दिसले की तो वारस त्या साली सज्ञान नव्हता हे निश्चित, आणि वयाचा अंदाज बांधता येतो. बँकेत एका अक्षराच्या फरकाने खातेदाराला परत पाठवले जाते, तो धडा आम्ही रोज गिरवतो. जुन्या नोंदीत मात्र तेच नाव तीन फेरफारांत तीन तऱ्हेने लिहिलेले असते. लिहिणारा वेगळा, सांगणारा निरक्षर, खाली डाव्या हाताचा अंगठा. तेथे अक्षर न पाहता बाप, जमिनीचा नंबर आणि साल या तिन्हींचा मेळ पाहावा.

आमच्या घराचेच सांगायचे तर, आम्ही ऐकत आलो होतो की खापरपणजोबा पलटणीत होते आणि सरहद्दीवर जाऊन आले. कागदांवरून आम्ही आजोबांच्या शाळेपासून चार पिढ्या मागे गेलो. एक वारस नोंद अशी मिळाली की त्यात पणजोबा अ.पा.क. आईचे नाव लावून उभे आहेत, म्हणजे बाप लवकर गेला. त्या आईचे नाव आमच्या घरात कोणालाही माहीत नव्हते. आता ते आम्ही भिंतीवरच्या वंशावळीत सर्वांत वर लिहिले आहे. खापरपणजोबा वतनाच्या कागदात तक्षीमदार म्हणून आहेत. पलटणीचा एकही कागद मिळाला नाही. म्हणून वंशावळीत त्यांच्या नावापुढे 'वतनदार, नोंदीप्रमाणे' आणि खाली 'पलटणीत होते असे घरात सांगतात' असे दोन वेगळे शेरे आहेत. भावकीतल्या काहींना हे आवडले नाही. आम्ही ते तसेच ठेवले आहे.

१९५० पूर्वीचे अनेक कागद मोडीत असतात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा फरक नाही, शब्द सलग लिहिलेले, त्यामुळे वाचणारा जाणकारच हवा. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे जाणकार भेटतात, आणि पेशवे दप्तर पुणे पुराभिलेखागारात आहे. साल काढण्याची रीत सोपी आहे. शकात ७८, दख्खनी फसलीत ५९०, सुहूर सनात ५९९ मिळवले की इसवी सन येतो, वर्षारंभ निराळा असल्याने एखाद्या वर्षाचा फरक पडतो. कोरेगावची लढाई शके १७३९ मधली.

एक प्रश्न आम्हाला तरुण कार्यकर्ते विचारतात. ज्या वतनाने आपल्याला गावकीच्या राबणुकीत बांधून ठेवले, त्याचे कागद अभिमानाने का जपायचे ? प्रश्न योग्य आहे. खुद्द बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात १८७४ च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल आणले, ते या बांधिलकीतून सोडवण्यासाठीच. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने रद्द झाली आणि जमिनी सरकारजमा होऊन, ठरावीक रक्कम भरल्यावर नव्या शर्तीने परत मिळाल्या. कलेक्टरच्या परवानगीवाचून त्या विकता येत नाहीत. पुणे-नगर रस्त्यावर कारखाने आले, जमिनीला सोन्याचे मोल आले, आणि अशा जमिनी कोणाच्या हाती कशा गेल्या याचे उत्तर याच फेरफारांत आहे. आपल्या पूर्वजाला ज्या कागदाने बांधले, त्याच कागदाने आज नातवाचा हक्क सिद्ध होतो. म्हणून तो जपायचा.

दुसरे कारण जातीच्या दाखल्याचे. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे वडिलांकडील नातेवाईकाचे जातीचे आणि वास्तव्याचे पुरावे मागितले जातात. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतरानंतर आपल्या नोंदी 'बौद्ध', 'नवबौद्ध' अशा झाल्या. त्यापूर्वीच्या 'महार' अशा आहेत. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय यादीतील हक्क मिळाले, तरी दोन्ही नोंदींतला माणूस एकाच घरातला आहे हे दाखवण्याचे काम अर्जदारालाच करावे लागते. शाळेचा उतारा, वारस नोंद, कोतवाल बुक आणि त्यावरून केलेली वंशावळ हे चार कागद असले की मुलाची प्रवेशाच्या ऐनवेळची धावपळ वाचते. बारावीचा निकाल लागल्यावर अभिलेख कक्षात रांग लावण्यापेक्षा मुलगा नववीत असतानाच अर्ज करावा.

नकला मिळाल्या की प्रत्येकीच्या मागे पेन्सिलने कार्यालय, नमुना, नोंद क्रमांक आणि तारीख लिहावी. झेरॉक्सची एक प्रत भावकीतल्या दुसऱ्या घरी ठेवावी, कारण आग आणि पूर सांगून येत नाहीत. आणि गावात कोणी ऐंशीच्या पुढची आजी असेल तर कागदांच्या आधी तिच्याकडे जावे. माहेरची, सासरची नावे तिला तोंडपाठ असतात, आणि तहसील कार्यालयात कोणता नंबर मागायचा हे बहुधा तिच्याच बोलण्यातून कळते.